शनिवारची शिरगणती करा : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : किनाऱ्यावरच्या लहान गावांतली सुट्टीची गर्दी आणि तिचा खर्च कोणी करायचा याबाबत

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या जनगणनेसाठी केंद्र सरकारने संदर्भाचा क्षण ठरवला आहे : 1 मार्च 2027, रात्री बाराचा ठोका. कॅलेंडर काढून पाहिले, तर त्या दिवशी सोमवार आहे. म्हणजे रविवारची मध्यरात्र. मुंबई-पुण्याच्या गाड्या तोवर परतलेल्या असतील आणि नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर इथे फक्त आम्ही गावकरी उरलेलो असू. तशीही जनगणना पाहुण्यांना त्यांच्या घरी मोजते, आमच्याकडे मोजत नाही. पण योगायोग बोलका आहे. आमच्या गावांची मापे सरकार नेहमी सोमवारी घेते. गावे चालवायची असतात ती मात्र शनिवारी.

सध्या तर कागदोपत्री आम्ही अजून 2011 मध्येच राहतो, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. 2011 च्या मोजणीत मुरूडची लोकसंख्या 12 हजारांच्या आसपास भरली, अलिबागची 20 हजारांच्या. वित्त आयोगाचे अनुदान असो, सफाई कामगारांची संख्या असो की पाणीयोजनेचा आराखडा, सगळ्याची सुरुवात या आकड्यापासून होते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाणी धरले जाते. काशीदच्या समुद्रातून बाहेर पडून अंगावरचे खारे पाणी धुवायला नळ शोधणारा पाहुणा या 55 लिटरच्या हिशेबात कुठे बसतो? तो कुठेच बसत नाही, पण अंघोळ करून जातो. आणि त्याने ती करावी. मे महिन्यात रायगडच्या काही वाड्यांना टँकर लागतो, हे त्याला कोण सांगणार आणि का सांगावे?

मी पर्यटकांच्या विरोधात लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. सहा दिवस लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी समुद्र बघावासा वाटला, तर त्यात गैर काही नाही. त्याच्या मुलांनी किल्ला पाहावा, घोडागाडीत बसावे. आमच्याकडची कितीतरी घरे याच लोकांवर चालतात. प्रश्न पैशाच्या वाटेचा आहे. हा पाहुणा घरून निघतो तेव्हा पेट्रोल भरतो. त्यावरचा कर केंद्राला आणि राज्याला. हॉटेलात जेवतो, खोली घेतो. जीएसटी पुन्हा त्याच दोघांना. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायला तिकीट काढतो. ते पैसे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणामार्फत दिल्लीच्या तिजोरीत. ग्रामपंचायतीकडे काय उरते? घरपट्टी, पाणीपट्टी, कुठे एखादा पार्किंगचा ठेका, आणि सोमवारी सकाळी किनाऱ्यावरचा कचरा. काही ग्रामपंचायती स्वच्छतेच्या नावाने पावती फाडतात. त्या पावतीवरून दर रविवारी नाक्यावर हुज्जत होते, कारण फाडणाऱ्यालाही ती कोणत्या नियमाखाली फाडतो ते नीट सांगता येत नाही.

घरच्या लग्नाला हजार माणसे येणार हे माहीत असताना घरातल्या पाच जणांच्या मापाने तांदूळ काढावेत, असा हा कारभार आहे. आणि हे लग्न दर आठवड्याला असते.

यावर आपल्याच राज्यात जुना तोडगा आहे. माथेरान, महाबळेश्वर आणि पाचगणी या गिरिस्थान नगरपरिषदा आहेत. तिथे येणाऱ्याकडून प्रवासी कर घेतला जातो, तो वर्षानुवर्षे घेतला जातो, आणि त्यापायी कोणी महाबळेश्वरला जायचे सोडलेले नाही. माथेरान तर त्याही पुढे आहे. 2003 पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा नेरळहून येणाऱ्या छोट्या रेल्वेने. माथेरानमध्ये सगळे आलबेल आहे असे नाही. दस्तुरीवर पर्यटकांची फसवणूक होते म्हणून मार्च 2025 मध्ये तिथल्याच लोकांनी गाव बंद ठेवले होते. पण निदान गावाकडे किती माणूस आला याची नोंद आहे, त्याच्यामागे चार पैसे गावात राहतात, आणि गाडी गावाबाहेर राहते. डोंगरावरच्या गावाला जे मिळाले ते समुद्राकाठच्या गावाला का मिळू नये, याचे उत्तर मला कोणत्याही शासन निर्णयात सापडलेले नाही. एक अडचण मलाही दिसते. आमचे बहुतेक प्रसिद्ध किनारे नगरपरिषदेत नाहीत. काशीद, नागाव, आक्षी, वरसोली, हरिहरेश्वर या सगळ्या ग्रामपंचायती आहेत. म्हणजे गिरिस्थानांचा नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. ग्रामविकास खात्याला सोबत घ्यावे लागेल. दोन खात्यांचा पत्रव्यवहार म्हणजे काय असते ते आम्ही जाणून आहोत, पण ते काम आपले आहे.

कर लावायचाच तर एक भेद जरूर करा. व्हेनिसने एप्रिल 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी 5 युरोंचे प्रवेशशुल्क सुरू केले. ते फक्त दिवसापुरते येणाऱ्याला आहे. रात्री मुक्काम करणाऱ्याला त्यातून सूट, कारण तो राहण्याच्या जागी वेगळा कर भरतो. हा विचार आमच्याकडे चपखल बसतो. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा माणूस वेफर्स, पाण्याच्या बाटल्या, कधी त्याहून कडक बाटल्या शहरातूनच भरून आणतो, जाताना रिकाम्या इथे टाकतो आणि परतीचे जेवण हायवेवर घेतो. जो दोन रात्री राहतो, तो घरगुती खानावळीत जेवतो, होडीत बसतो, कोकम आणि पापड बांधून नेतो. मंगळवारी येऊन गुरुवारी जाणाऱ्याला तर करच लावू नका. त्याचा सत्कार करा.

आता समुद्राबद्दल, कारण गर्दीचा सर्वात वाईट हिशेब तिथे होतो.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सहाच्या, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. हे गणित कोळीवाड्यातल्या पोरालाही येते. शहरातून आलेल्याला ते येत नाही आणि येण्याचे कारणही नाही. तो पहाटे निघतो, वाटेत नाश्ता करतो, अकरा-बाराला पोचतो. पौर्णिमेच्या आसपासचा रविवार असेल तर त्या वेळी समुद्र उधाणाच्या भरतीवर असतो. जेवणखाण उरकून मंडळी दोन-तीन वाजता पाण्यात उतरतात, तेव्हा ओहोटी लागलेली असते आणि पाण्याला आत ओढणारा जोर आलेला असतो. वरून पाणी शांत दिसते, लाटाही लहान झालेल्या असतात. फसगत तिथेच आहे. दुसरीकडे कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेले लोक वेळेचे भान सुटले की भरतीच्या पाण्याने वेढले जातात. वाळूत हौसेने घातलेल्या गाड्या रुततात आणि भरती त्यांच्या बॉनेटपर्यंत येते. त्याचे व्हिडिओ आपणही पाहिले असतील.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. तो सोमवार होता, गर्दीचा दिवससुद्धा नव्हता. त्यानंतर फलक लागले. 'पाण्यात उतरू नये' असे लिहिलेला फलक समुद्रकिनारी लावणे म्हणजे आपली जबाबदारी संपली अशी नोंद करणे होय. शंभर किलोमीटर गाडी चालवून आलेला माणूस पाण्यात उतरणारच. त्याला आज किती वाजता उतरू नये, हे सांगणारा फलक हवा. खडूने रोज बदलता येणारी पाटी पुरे आहे : आजची भरती, आजची ओहोटी, या वेळेत आणि या खुणेच्या आत. ती पाटी लिहायला आणि तिच्याशेजारी उभे राहायला माणूस मात्र पगारावर हवा. गोव्याने 2008 पासून जीवरक्षकांची यंत्रणा राज्याच्या खर्चाने उभी केली. आमच्याकडे जीवरक्षक म्हणजे बहुतेक ठिकाणी गावातलाच पट्टीचा पोहणारा मुलगा, ज्याचे मानधन ग्रामपंचायतीच्या खिशाकडे बघून ठरते. शहरातल्या लोकांचे जीव वाचवण्याचा खर्च दीड-दोन हजार वस्तीच्या गावाने करायचा, ही रचना कोणी आणि कधी ठरवली?

रस्त्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मुंबई-गोवा महामार्गावर लिहून लिहून लोकांच्या शाया संपल्या. चौपदरीकरण 2011 ला सुरू झाले. बाकी इतिहास माणगावच्या कोंडीत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या कोणालाही पाठ आहे. मला वेगळी गोष्ट मांडायची आहे. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येते. सोय उत्तम आहे, पण तिने माणसांसोबत त्यांच्या गाड्याही अलिबागच्या त्याच अरुंद रस्त्यांवर आणून सोडल्या. मांडव्याला उतरल्याबरोबर रेवदंडा, काशीद, मुरूडकडे सुटणारी छोटी एसटी सुट्टीच्या दिवशी दर अर्ध्या तासाने मिळाली, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी परतीची खात्रीने मिळाली, तर कितीतरी लोक गाडी घरी ठेवतील. महिलांना एसटीत अर्धे तिकीट मार्च 2023 पासून आहेच. लोक गाडी हौसेने कमी आणि परतीच्या धास्तीने जास्त आणतात.

आणि सगळे वाळूवरच का बसतात, हाही विचार व्हावा. मुरूडच्या रस्त्यावर चौल आणि रेवदंडा लागते. ग्रीक-रोमन जगाला ठाऊक असलेले हे बंदर. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी-प्रवासी अफनासी निकितिन भारतात उतरला तो इथे, आणि त्याचे स्मारक रेवदंड्याच्या शाळेत आहे. पोर्तुगिजांचा कोट गावाभोवती अजून उभा आहे, पलीकडे कोर्लईला लोक आजही पोर्तुगिजातून निघालेली स्वतःची बोली बोलतात. बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची प्रार्थनास्थळे रेवदंड्यात आणि अलिबागच्या इस्रायल आळीत आहेत. एवढा ऐवज असून गाड्या इथून न थांबता पुढे काशीदला जातात, कारण थांबायला जागा नाही, माहिती देणारा माणूस नाही आणि साधे स्वच्छतागृह नाही. जी गर्दी दहा गावांत पांगली असती ती दोन किनाऱ्यांवर कोसळते.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आनंद झाला, पेढे वाटले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्रातले किंवा समुद्राकाठचे आहेत. खांदेरीला जायचे तर होडी थळहून, सुवर्णदुर्गाला हर्णैहून, सिंधुदुर्गाला मालवणहून. यादीत नावे किल्ल्यांची गेली, गाड्या मात्र या गावांच्या मासळीबाजारात उभ्या राहणार आहेत. हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या वेळी आधीच पाय ठेवायला जागा नसते.

लोंढा न आणताही नाव कमावता येते, हे मंडणगड तालुक्यातल्या वेळासने दाखवले आहे. कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक तिथे येतात, गावातल्या घरांत राहतात, घरचे जेवतात. हॉटेल नाही, पैसा स्वयंपाकघरात जातो. प्रत्येक गाव वेळास होणार नाही हे खरे, काशीद तर नाहीच.

मोठ्या योजनेची मी मागणी करत नाही. आधी मोजा. उटी आणि कोडाईकनालला मे 2024 पासून ई-पास लागतो, तो न्यायालयाने लावायला सांगितला, कारण किती गाड्या वर चढतात हेच सरकारला धड माहीत नव्हते. आपण न्यायालयाची वाट पाहू नका. दिवाळीपासून मे अखेरपर्यंतच्या शनिवार-रविवारी किती माणसे, किती गाड्या आणि त्यांतले किती मुक्कामी, एवढी नोंद निवडक गावांत करा. मग पाण्याचा, सफाईचा, जीवरक्षकांचा निधी त्या आकड्यावर द्या आणि कर घेण्याचा अधिकार त्या गावाला लेखी द्या. सुरुवातीला नागाव, काशीद आणि हर्णै ही तीन ठिकाणे पुरेत. काशीदला मात्र मोजणारी माणसे रविवारी सकाळी नऊच्या आत पाठवा. त्यानंतर त्यांना स्वतःलाच उभे राहायला जागा मिळणार नाही.

आपला,
रायगडच्या किनाऱ्यावरचा एक रहिवासी