परवान्याच्या प्रतीक्षेत दहा वर्षे

संपादक महोदय,

जागतिक रेडिओ दिन आला की आपल्याकडे १९४८ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्राच्या आठवणी निघतात, आणि त्या निघायलाच हव्यात. मात्र तेलंगणातील माचनूर या खेड्यातल्या संघम रेडिओ या सामुदायिक रेडिओची, म्हणजे गावकऱ्यांनीच गावासाठी चालवलेल्या केंद्राची कहाणीही या निमित्ताने वाचकांपुढे यावी, असे मला मनापासून वाटते.

जहीराबाद परिसरातील डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या स्वयंसेवी संस्थेशी जोडलेल्या दलित शेतकरी महिलांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस युनेस्कोच्या साहाय्याने हे केंद्र उभारले. यंत्रे आली, महिला ध्वनिमुद्रण शिकल्या, भरडधान्यांच्या शेतीपासून आरोग्यापर्यंतचे कार्यक्रम त्यांच्या बोलीत तयार झाले. आला नाही तो फक्त परवाना. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिलेला असताना २००२च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने दार उघडले ते केवळ शिक्षणसंस्थांना. त्यामुळे सुमारे दहा वर्षे या महिला आपले कार्यक्रम कॅसेटवर घेऊन गावोगावच्या बैठकींत ऐकवत राहिल्या. २००६मध्ये धोरण बदलले आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा आवाज अखेर हवेतून गेला. यात त्यांची जिद्द थोर आहेच, पण सरकारने वाया घालवलेली दहा वर्षे त्या जिद्दीच्या कौतुकाखाली झाकली जाऊ नयेत.

परवाना मिळाल्यावरही अशा केंद्रांची वाट सोपी नसते. २०१२मध्ये रेडिओलहरी वापरण्याचे वार्षिक शुल्क एकाएकी १९,७०० रुपयांवरून ९१,००० रुपये करण्यात आले होते. देशभरातून विरोध झाल्यावर ते मागे घेतले गेले. प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॅट आणि जाहिरातींच्या वेळेवर मर्यादा, अशा स्थितीत खर्च भागवणे कठीणच.

सर्वांत जाचक अट मात्र स्वतःच्या बातम्या देण्यावरील बंदीची आहे. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवता येते, पण गावात काय घडले याची बातमी गावच्या केंद्राला देता येत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत मध्यरात्रीनंतर पाणी शिरले, त्याचा अनुभव घेतलेल्या नागपूरकरांना आपल्या परिसराची खबर तत्काळ देणाऱ्या स्थानिक आवाजाचे मोल वेगळे सांगायला नको.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने योग्य आचारसंहितेसह ही बंदी उठवावी आणि विदर्भातील खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती करतो.

आपला,
एक रेडिओ श्रोता, नागपूर