तळवे कोरे होते

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुला स्टँडवर सोडून घरी आलो. आईने एवढंच विचारलं, "नीट बसली का गाडीत?" आणि मग बराच वेळ देवापुढे बसून राहिली. फोन केला तर तू "अण्णा, मीटिंगमध्ये आहे" म्हणशील, म्हणून लिहितोय. बंड्या याचा फोटो काढून पाठवेल. सवड झाली की वाच.

गाडीवरून पडलीस त्यावर बोलायचं नाही असं मी आईला कबूल केलंय. पण तू तिला सांगितलंस मांजर आडवं गेलं, बंड्याला सांगितलंस खडी होती आणि मला सांगितलंस पाऊस होता. एका पडण्याला तीन कारणं कशी गं? मी 31 वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलंय. जागा माणूस पडताना आधी हात टेकतो. तळहात सोलवटतात, मनगट मुरगळतं. तू जेवायला बसलीस तेव्हा मी तुझे तळवे पाहिले. कोरे होते. लागलंय ते हनुवटीला आणि डाव्या खांद्याला.

रात्री साडेबाराला, हिंजवडीजवळच्या भूमकर चौकाच्या अलीकडे, गाडी चालवताना तुझा डोळा लागला होता का?

रागावून विचारत नाही. माझ्या बाबतीत घडलेलं एक सांगतो, जे आजवर आईलाही सांगितलेलं नाही. तू दहावीला होतीस. तुझ्या क्लासची फी भरायची म्हणून मी डबल ड्यूट्या मागून घ्यायचो. माझ्यावर जबरदस्ती कुणाचीच नव्हती. मुंबईहून रातराणी घेऊन येत होतो. खंबाटकी चढलो, सुरूर फाट्याला टपरीचा दिवा दिसला आणि त्यानंतर एकदम पाचवड. मधलं भुईंज मला आठवतच नाही. कृष्णेवरचा पूल ओलांडला असणार, गिअरही टाकले असणार, पण मी तिथे नव्हतो. गाडीत 42 माणसं झोपलेली. माझ्या मागच्या सीटवर एक बाई होती, मांडीवर मूल. साताऱ्यात उतरताना ती म्हणाली, "दादा, गाडी छान आणलीत." डेपोत गाडी लावली आणि मला केबिनमधून खाली उतरता येईना. पाय लटपटत होते.

ताशी 60 ने चाललेली गाडी 4 सेकंदांत 66 मीटरच्या वर जाते. तेवढ्या जागेत सहा एसट्या एकामागे एक उभ्या राहतात. नवीन पोरांना हे मी फळ्यावर काढून दाखवायचो. भुईंजचं मात्र कधी सांगितलं नाही, लाज वाटायची. त्या वेळी मला झोप आल्यासारखं वाटतसुद्धा नव्हतं, ताई. आपण जागेच आहोत असं वाटत होतं. म्हणून तू "मी ठीक आहे" म्हणतेस तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

तू म्हणशील, आमचं काम एसीत बसून असतं. मान्य. पण दिवाळीपासून मी तुझे तास वहीत मांडतोय, रागावू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री शेवटची कधी दिसलीस ते बघतो. 1.47, 2.10, 1.30. सकाळी साडेनऊला तुझं पुन्हा लॉगिन. अमेरिकेचे कॉल धरून एका आठवड्याचे 71 तास भरले. आम्हा ड्रायव्हर लोकांसाठी 1961 चा कायदा होता, दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, आणि 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलंय की आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला 35 ते 40 तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. तात्यांचं काय झालं ते तू पाहिलंयस. रविवारची सुट्टी तरी कुणी दान दिली का? नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडून 1890 च्या 10 जूनला ती पदरात पाडून घेतली. आणि तू सत्यनारायणाच्या कथेला मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलीस.

चुकलो. भाषण द्यायला बसलो नव्हतो.

खरं तर तुझी पहिली पगाराची स्लिप मी खिशात घालून डेपोभर हिंडलो होतो. पोरगी हिंजवडीत लागली म्हणून पेढे वाटले. आणि कामाला नाही म्हणायचं नाही, हे तुला शिकवलं ते मीच. तिसरीत अंगात ताप असताना तुला शाळेत पाठवलं होतं. शंभर टक्के हजेरीचं ते प्रमाणपत्र अजून बाहेरच्या खोलीत लावलेलं आहे. काल तू गेल्यावर त्याच्याकडे बघवेना.

नोकरी सोड म्हणत नाही. फ्लॅटचा हप्ता आहे, मला कळतं. पण रात्रीचा कॉल असेल त्या दिवशी गाडीला हात लावू नकोस. रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते. आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तसं आहे. कॅब माग, आणि मेल करून माग. तोंडी सांगितलेलं ड्यूटी लावणारा विसरतो, हा माझा अनुभव आहे. तुझ्या 18 रजा शिल्लक आहेत म्हणालीस. त्यातल्या चार तरी लेखी टाक. अप्रेझल गेलं तर जाऊ दे. नाही, तसं नाही, तुझं तू ठरव. तुझ्या कामातलं मला काय कळतं. फक्त त्या रस्त्याने रात्री गाडीवर एकटी येऊ नकोस. हे तिसऱ्यांदा होतंय, माहीत आहे मला.

हनुवटीला मलम दोनदा लाव. आईने मेतकूट दिलंय ते पिशवीत तळाशी आहे.

पुढच्या शनिवारी ये. स्वारगेटहून विनाथांबा सातारा धर, तुला अर्धं तिकीट आहे. खिडकीची सीट घे, फोन बंद करून पर्समध्ये टाक आणि झोप. मी स्टँडवर असेन. घरी येता येता त्या रात्रीचं खरं काय ते मला एकट्याला सांग. आईला कळणार नाही.

तुझे
अण्णा