रात्रीच्या गाडीनं येतेस ते

बाळा,

काल फोनवर एडिनबरा सोडून ट्वीडबँकला रूम घेतली म्हणालीस, मी नुसतं बरं बरं केलं, आई शेजारी होती. नंतर मॅप काढून बसलो. एडिनबराची रेल्वे लाईन तिथंच संपते की गं. रात्री तू उतरलीस, चार माणसं पार्किंगमधनं आपापल्या गाड्या काढून गेली, मग तू एकटीच ना?

मग त्या लाईनीचंच वाचत बसलो. जानेवारी १९६९ ला बंद केलेली, शेवटच्या रात्री न्यूकॅसलटन गावातल्या लोकांनी फाटक लावून गाडीच अडवली म्हणे, पोलिसांनी तिथल्या पाद्रीबाबाला उचललं. सप्टेंबर २०१५ मध्ये परत चालू झाली, ती पण तुझ्या ट्वीडबँकपर्यंतच, पुढं हॉइककडं अजून नाहीच. सेहेचाळीस वर्षं लोकांनी लावून धरलं, भारीच वाटलं मला. आपल्याकडं २०१९ च्या पुरात मिरज लाईन थोडे दिवस बंद होती तर केवढी तारांबळ, तू आत्याकडं अडकलेलीस, आईनं जेवण सोडलेलं. आणि कॉलेजातनं पॅसेंजरनं यायचीस तेव्हा रुकडी स्टेशनवर मी एम-८० लावून उभा, तू उतरल्या उतरल्या दप्तर माझ्या गळ्यात टाकून वडापावच्या गाड्याकडं पळायचीस. तिथं कोण उभं राहणार?

म्हणून सांगतो, नाईटनंतर शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नको, हेडफोन घालून चालू नको, बर्फात ते पातळ बूट घालू नको, सोबतच्या मल्याळी सिस्टरला विचार ती कशी जाते... बरं, बास. चिडू नको. एवढ्या लांब जाऊन लोकांचे जीव सांभाळतेस तू, तुला काय शिकवायचं मी. परवा डेअरीत दूध घालताना सगळ्यांना सांगितलं, पोरगी स्कॉटलंडला स्टाफ नर्स हाय म्हणून, चेअरमननी चहा पाजला.

आईच्या शुगरचं टेन्शन घेऊ नको, गोळ्या वेळेवर घेते. कांदा-लसूण चटणी दिलीय पाटलांच्या सुहासकडं, अर्धी मैत्रिणींना दे.

आणि शेवटची गाडी कितीला असते तेवढं कळव. रूमवर पोचलीस की मिस कॉल टाकायचा, झोपमोड होईल असलं काही मनात आणू नको, थंडीत तुझे रात्रीचे अकरा म्हणजे इथं पहाटेचे साडेचार, मी धारेला उठलेलोच असतो.

तुझे पप्पा