फॉर्म भरला नाही, पार्सल पाठवलंय

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

बाबा, जिल्हा रुग्णालयाच्या भरतीची जाहिरात तुम्ही कापून पाठवलीत, ती कपाटाच्या दाराला अजून चिकटवलेली आहे. फॉर्मची मुदत मात्र संपली आणि मी तो भरला नाही. विसरले नाही, ठरवून भरला नाही. फोनवर विषय काढला की तुम्ही ‘बरं, बघू’ म्हणून फोन आईकडे देता आणि आई पावसाचं विचारते, म्हणून लिहितेय.

सरकारी नोकरी नको असं नाही हो. पण रत्नागिरीला लागले तरी राजापूरहून रोज ये-जा कशी जमणार? तिथेही खोलीच घ्यायची, नाइट ड्युटी असायचीच, म्हणजे घरी यायचं ते सुट्टीलाच. इथे हृदयाच्या ऑपरेशनच्या वॉर्डात, घरी जाणाऱ्या पेशंटला गोळ्या समजावून सांगायचं काम आता माझ्याकडे आलंय. आणि खरं सांगू, ते मला चांगलं जमतं. शिवाय पगार वेळेवर होतो, रात्री हॉस्पिटलची गाडी रूमपर्यंत सोडते, डबेवाल्या मावशी आमटीत आपल्यासारखं खोबरं घालतात. आई, मी बारीक झालेली नाही. फोटोत दिसते तो युनिफॉर्म सैल आहे.

आमच्याकडे डिस्चार्जच्या दिवशी ‘समजलं का?’ असं मी विचारतच नाही. सगळे मान डोलावतात. मी म्हणते, आता तुम्ही मला सांगा. परवा एका आजोबांना रोज ४ मिलिग्रॅम वॉर्फरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, लिहून दिली होती. पट्ट्या दोन, एक १ ची, एक ५ ची. म्हटलं, आजची गोळी काढून दाखवा. त्यांनी ५ च्या पट्टीतून चार गोळ्या तळहातावर घेतल्या आणि पाण्याचा ग्लास मागितला. वीस मिलिग्रॅम! शेजारी बसलेला त्यांचा मुलगाही मान डोलावत होता.

बाबा, तुमच्याही वॉर्फरिनच्या दोन्ही पट्ट्या एकाच बिस्किटाच्या डब्यात आहेत. आजपासून त्या वेगळ्या. पार्सलमध्ये आठवड्याचा गोळ्यांचा डबा आहे. रविवारी वहिनी भरून देईल, पण पट्टीवरचा आकडा तुम्ही स्वतः वाचायचा, भिंग पाठवलंय. सोबत वही आहे. ती कंडक्टरच्या हिशोबाच्या वे-बिलासारखी ठेवा: तारीख, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्या तपासणीचा आकडा), डोस, गोळी चुकली तर तसं. तीस वर्षं एसटीत एका रुपयाचा फरक पडू दिला नाहीत, तर ही वही तुमच्या हातचा मळ आहे.

तुमच्या हृदयातल्या धातूच्या व्हॉल्व्हसाठी आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये हवा. मागचा २.१ आला. कमी झाला की व्हॉल्व्हवर गुठळी होण्याची भीती, वर गेला की रक्तस्रावाची. मला संशय आहे श्रावणातल्या अळूचा, टाकळ्याचा आणि आईच्या वड्यांचा. पालेभाजी बंद करायची नाही, तसं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फक्त आठवडाभर काहीच नाही आणि मग चार दिवस ताटभर, असं नको. रोज साधारण तेवढीच. गोळी संध्याकाळी ठरल्या वेळेला. विसरलात आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या. सकाळी आठवलं तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

वॉर्फरिन हे उंदराचं औषध असल्याचा मेसेज मलाही आला. खरंच आहे, आधी १९४८ पासून ते उंदरांसाठीच विकलं जायचं, माणसांना १९५४ पासून देऊ लागले. म्हणून तर मोजून घ्यायचं. आणि शेजारच्या काकांना मिळते ती रक्त न तपासता घ्यायची नवी गोळी तुम्हाला चालणार नाही. धातूचा व्हॉल्व्ह असलेल्या पेशंटना तसलं एक औषध देऊन पाहिलं होतं. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०१३ मध्ये ते छापून आलं. त्यामुळे काकांशी वाद घालू नका, पण त्यांची गोळीही मागू नका.

गुडघे दुखले तर पॅरासिटामॉल, तीही विचारून. नाक्यावरच्या दुकानातली दुखण्याची गोळी नको, आणि ‘एक सुई मारा डॉक्टर’ तर अजिबात नको. कमरेत मारलेल्या सुईने आत रक्त साकळतं. दाढीसाठी इलेक्ट्रिक रेझर पाठवलाय, हसू नका. शौचाला काळं झालं, लघवी लाल झाली, दहा मिनिटं दाबूनही नाकातलं रक्त थांबलं नाही, किंवा डोकं आपटलं, तर ‘बरं वाटतंय’ म्हणत बसू नका, लगेच दवाखाना. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर थेट १०८.

आई, आता तू. लहानपणी मी गोळी गिळत नसे म्हणून तू ती केळ्यात लपवून द्यायचीस आणि मी केळं खाऊन गोळी गालात ठेवायचे. तीच युक्ती तू माझ्यावर करतेस, फोनवर ‘घेतली हो’ म्हणून. खोकल्याचं आठवतंय ना? सबंध उन्हाळा अडुळशाचा काढा पीत राहिलीस आणि निघाला तो ब्लडप्रेशरच्या गोळीचा खोकला. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि महिन्याभरात गेला. म्हणून नवीन काही व्हायला लागलं, घोट्याला सूज, पायाला मुंग्या, तर काढा करण्याआधी मला सांग.

संकष्टीला मात्र माझा विरोध आहे. उपासाला नाही गं, शुगरची गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत उपाशी राहण्याला. घाम फुटला, थरथरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर परत. मग चंद्र उगवो न उगवो, जेव. पुढच्या संकष्टीच्या आत डॉक्टरांना त्या दिवशीचा डोस विचारून ठेव. गणपती रागावत नाही, मी रागावेन.

तुम्हाला वाटेल, लोकांच्या आई-बापांना समोर बसवून शिकवते आणि आपल्यांना पत्र पाठवते. मलाही वाटतं. रात्री वॉर्ड शांत झाला की नव्या व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते आणि बाबा, मला ओटीवर झोपलेले तुम्ही आठवता. पण मी आले असते तर तुम्ही डबा माझ्या हातात देऊन मोकळे झाला असता. मला ते नको आहे.

तेव्हा रविवारी फोन करेन. मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, दोघांनी, वही न बघता.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, दाढ काढायची म्हणत होतात. दंतवैद्याला व्हॉल्व्हचं आणि वॉर्फरिनचं खुर्चीत बसण्याआधी सांगायचं. काढण्यापूर्वी अँटिबायोटिक लागतं. रक्ताची गोळी मनाने बंद करायची नाही. आधी पुण्याच्या डॉक्टरांना फोन, नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.