गाण्याला वेगळी बॅटरी दे

बेती, गोवा

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

बोटीवर गाणी मोठ्याने लावली की जीपीएस बंद पडतो, आणि बटरफ्लाय बीचला नांगर टाकून थांबलं की इंजिन सेल्फ घेत नाही, असं तू म्हणालास. फोनवर सगळं सांगता येईना म्हणून लिहितोय. नवा जीपीएस घेऊ नकोस, सेल्फ मोटारही खोलू नकोस. दुखणं त्या ॲम्प्लिफायरपाशी आहे.

त्या ॲम्पच्या 1000 वॅटला 12 व्होल्टने भाग, 83 अँपिअर येतात. उष्णतेत जाणारं धरलं तर शंभराच्या वर. गाणं सतत एवढं ओढत नाही, पण बेसचा ठोका बसला की ओढतं, आणि त्याच क्षणी व्होल्टेज पडून जीपीएस मान टाकतो. तुझ्या आउटबोर्डची (बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनाची) चार्जिंग कॉइल भरपूर रेस दिल्यावर फार तर 15-20 अँपिअर देते. नांगरावर इंजिन बंद, म्हणून काहीच नाही.

आधी मीटर लाव. रात्रभर चार्ज करून थोडा वेळ तशीच ठेवलेली बॅटरी 12.6 च्या आसपास हवी. मग इंजिन बंद ठेवून गाणी जोरात लाव आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघ, लगेच ॲम्पच्या टर्मिनलवर बघ. बॅटरीवर 12.3 आणि ॲम्पवर 11.2 आलं, तर वायर बारीक आहे किंवा जोड कुजलाय. निगेटिव्हकडची बाजूही तपास: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी ॲम्पच्या निगेटिव्ह बोल्टवर. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर तो लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) उघड. खाऱ्या हवेने आत हिरवं साचलेलं असेल. घासून भागत नाही, लग कापून नवा क्रिम्प कर, म्हणजे दाबून घट्ट बसव, वायर टिन केलेल्या (कथिलाचा थर दिलेल्या) तांब्याची घे.

बॅटरीवरच व्होल्टेज कोसळत असेल तर गाण्याला वेगळी डीप सायकल बॅटरी (बरीच उतरवून पुन्हा चार्ज करता येते ती) दे. दोघींमध्ये असा रिले (आपोआप चालणारा स्विच) बसव, जो इंजिन चार्ज करत असतानाच त्यांना जोडतो. इंजिनच्या बॅटरीवर फक्त सेल्फ, व्हीएचएफ रेडिओ आणि बिल्ज पंप (बोटीत साचलेलं पाणी उपसणारा). पर्यटकांना घेऊन तू समुद्रात जातोस, रे. ती बॅटरी गाण्यात संपता कामा नये.

आणि ॲम्पच्या पॉझिटिव्हला बॅटरीजवळच फ्यूज आहे का, ते आजच बघ. नसेल तर ती वायर काढून ठेव. शॉर्ट झाली तर पेट्रोलच्या टाकीशेजारी बोटीचं फायबर पेट घेईल. काम करताना निगेटिव्ह आधी काढ, शेवटी लाव.

मीटरचे आकडे कळव. त्यावरून वायर किती जाडीची घ्यायची ते सांगतो.

तुझे,
बाबा