बाबांना सॅमन धरायला न्यायचंय

पोर्टलंड, ऑगस्टअखेर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर सॅमन माशांच्या मासेमारीच्या ट्रिपचं सांगायला लागले आणि आई, तू लगेच विचारलंस, "एवढ्या पहाटे समुद्रात कशाला गेलीस?" मग बोलणं बाबांच्या गुडघ्यावर गेलं, आणि तिथून गोळ्यांवर. म्हणून हे पत्र. बाबांना एक गोष्ट विचारायची आहे, पण आधी सगळं नीट सांगते.

मी समुद्रात गेले नव्हते. होते ती कोलंबिया नदीतच, अगदी मुखाजवळ. कॅनडातून निघून सुमारे 2000 किलोमीटर वाहत आलेली ही नदी अ‍ॅस्टोरिया गावापाशी पॅसिफिकला मिळते. अलीकडे ऑरेगन, पलीकडे वॉशिंग्टन, आणि मध्ये साडेसहा किलोमीटरचा पूल. नदी जिथे प्रत्यक्ष समुद्रात शिरते तिथे वाळूचा दांडा आहे आणि तो खरोखरच वाईट आहे. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं, समोरून समुद्राच्या लाटा येतात आणि दोन्ही एकमेकांवर आदळतात. आजवर शेकड्यांनी जहाजं तिथे गेली. मोठी मालवाहू जहाजं अजूनही तिथले खास पायलट घेतल्याशिवाय आत येत नाहीत. आमचा गाइड त्या दांड्याच्या जवळपासही फिरकला नाही. दहा नंबरचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगती खूण, ही नदीतल्या मासेमारीची हद्द. त्याच्या अलीकडेच आमचा सगळा दिवस गेला आणि लाइफ जॅकेट सकाळपासून परत येईपर्यंत अंगावर होतं.

ऑगस्टमध्ये इथे हे मासे का गोळा होतात, हे बाबांना आवडेल. चिनूक सॅमन तीन-चार, कधी पाच वर्षांचा झाला की परत फिरतो आणि वासावरून आपली जन्माची नदी शोधतो. एकदा गोड्या पाण्यात वर चढू लागला की खाणं जवळजवळ सोडतोच. मुखाशी मात्र अजून आमिषावर तुटून पडतो. म्हणून सगळ्यांना मासा इथेच गाठायचा असतो. भरतीबरोबर खारं पाणी आत येतं, त्याबरोबर मासा येतो, आणि होड्या त्या पाण्याबरोबर हळूहळू वर सरकत राहतात. त्या सकाळी पुलाच्या दोन्ही अंगांना इतक्या होड्या होत्या की पाण्यावर गावच वसलंय असं वाटत होतं. तरी कुणाचा दोरा कुणात अडकला नाही, कारण सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले होते.

गाइडचं काम मी बराच वेळ नुसती बघत बसले. तो आमिषाला हेरिंग नावाचा छोटा मासा घ्यायचा आणि धारदार सुरीने डोक्यामागे तिरका काप द्यायचा. सरळ नाही, तिरकाच. काप तिरका असला की पाण्यात ओढताना आमिष स्वतःभोवती फिरतं आणि जखमी माशासारखं दिसतं. मग दोन गळ ओवून ते होडीच्या कडेलाच पाण्यात धरून बघायचा. फिरणं मनासारखं नसेल तर टाकून द्यायचा आणि दुसरं कापायचा. इतका मासा कापलेला माणूस, पण एकही आमिष त्याने न बघता सोडलं नाही. दोऱ्यावर पुढे चमकणारी लांबट पट्टी असते, त्याखाली शिसं. रिळाला आकडे असतात, त्यामुळे "तीस फूट" म्हटलं की सगळ्यांनी तीस फूट सोडायचं. त्याने एकच ताकीद दिली होती: काठी वाकली तरी झटका द्यायचा नाही. मासा स्वतः अडकू दे, काठी नीट वाकून राहू दे, मगच होडीच्या कडेला बसवलेल्या होल्डरमधून काढायची.

माझी काठी वाकली तेव्हा हात थरथरत होते. कोहो होता, सॅमनचीच दुसरी जात, चिनूकपेक्षा लहान, पण तीनदा पाण्याबाहेर उसळला. तेवढ्यात जवळच एका सी लायनने, म्हणजे सीलसारख्या मोठ्या समुद्री प्राण्याने, डोकं वर काढलं. गाइड "गुंडाळ, थांबू नको" म्हणून ओरडला, कारण हे प्राणी गळाला लागलेला मासा सरळ हिसकावून नेतात. मासा कडेला आला तेव्हा गाइडने जाळी खाली धरली, पण उचलली नाही. तो वाकून पाठीकडे बघत होता. शेपटीच्या अलीकडे, पाठीवर, एक बोटाच्या पेराएवढा मऊ पर असतो. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिलांचा तो पर लहानपणीच कापतात. या माशाचा पर शाबूत होता, म्हणजे नदीतच जन्मलेला. असा कोहो इथे ठेवता येत नाही. पाण्याबाहेरही न काढता त्याने पकडीने गळ फिरवून सोडवला. मासा जाळीत क्षणभर तसाच राहिला. हिरवट काळी पाठ, त्यावर बारीक ठिपके, कल्ले उघडझाप करत होते. मग शेपटीचा एक फटका मारून तो गेला. मला अजिबात वाईट वाटलं नाही. आज इतके दिवस झाले तरी ते पाठीवरचे ठिपके डोळ्यांपुढे आहेत. नंतर पर कापलेला एक मिळाला, तो बर्फात ठेवून घरी आणला. चवीला उत्तम होता.

आता बाबा, तुमच्यासाठी. तुमची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, म्हणून परतताना मला सारखी तुमची आठवण येत होती. नदीत खूप वर चढणाऱ्या सॅमनला पुढे धरणं आहेत. पहिलं बॉनव्हिल, 1938 सालचं. त्याला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची शिडी बांधलेली आहे. तिथे काचेमागे बसून माणसं वर जाणारे मासे मोजतात, आणि तशाच काचेतून आपल्यालाही ते बघता येतात. पण त्याच नदीवर ग्रँड कूली धरण 1942 साली पूर्ण झालं, त्याला शिडीच ठेवली नाही. त्याच्या वरच्या अंगाला सॅमनचं येणं तिथेच संपलं. आणि 1957 साली दुसऱ्या एका धरणाच्या फुगवट्यात सेलिलोचा धबधबा बुडाला. तिथे आदिवासी जमाती हजारो वर्षं फळ्यांच्या मचाणांवर उभं राहून सॅमन धरत होत्या. 1855 च्या करारांत या जमातींनी मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. हक्क राहिला, जागा पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांचे अर्ज तुम्ही वर्षानुवर्षं वाचलेत. काचेसमोर उभं राहून तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकायचंय.

तर विचारायचं ते हे: पुढच्या ऑगस्टमध्ये इकडे याल तेव्हा माझ्याबरोबर या ट्रिपला याल का?

"आता या वयात कुठे" असं म्हणण्याआधी ऐका. मी गाइडशी तुमच्याबद्दल स्पष्ट बोलले आहे. होडीला छत आणि काच आहे, पाठ टेकता येईल अशी बाकं आहेत, आणि आत बंदिस्त टॉयलेटही आहे. काठी होल्डरमध्येच असते, दिवसभर हातात धरावी लागत नाही. मासा लागला तर तुम्ही बसून रीळ फिरवायचं, काठी मी धरेन. इतरांनाही तो असंच करू देतो. खरी अडचण धक्क्यावरून तरंगत्या फळीवर उतरायच्या रॅम्पची. भरतीला तो जवळजवळ सपाट असतो, पण पाणी खूप उतरलं की चांगलाच उभा होतो, आणि निघायची वेळ बहुतेक ओहोटीच्या सुमाराची. म्हणून मी उधाणाचे दिवस टाळून भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस बघते आहे. भांगाला पाणी फार खाली जात नाही, रॅम्प सौम्य राहतो. गाइडलाही तेच दिवस आवडतात, कारण ओढ कमी असली की मासेमारी बरी होते. तुमच्या गुडघ्याचं आणि माशांचं पंचांग जुळतंय.

आई, तुला होडीवर यायचं नसेल तर अ‍ॅस्टोरियात नदीकाठाने सपाट, लांबच लांब वाट आहे. समोर नांगरलेली जहाजं बघत तुला हवं तितकं चालता येईल. टेकडीवर 1926 सालचा उंच मनोरा आहे, आत 164 पायऱ्या. त्या कुणीच चढायच्या नाहीत. खालूनही नदी, पूल आणि समुद्र सगळं दिसतं.

गार वारा असतो, ऑगस्टातही सकाळी स्वेटर लागतो. कानटोपी मी घेऊन ठेवते. परवाना एका दिवसाचा मिळतो, तो मी काढेन. तुम्ही फक्त डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: बोट लागू नये म्हणून जी गोळी घेतात ती रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का, आणि लघवी होण्याची गोळी त्या दिवशी उशिरा घेतली तर चालेल का. ऑगस्टच्या तारखा लवकर भरतात, त्यामुळे दिवाळीच्या आत कळवा. बाबा, होकार द्यायचा असेल तर तुम्हीच फोन करा, आईकडून निरोप नको.

तुमची,
लेक