आधी एक नळ द्या, मग सनस्क्रीनबंदीचं बघू

मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: स्कुबाला उतरणाऱ्या पर्यटकांचं सनस्क्रीन, मेकअप आणि केसांचं तेल

महोदय, स. न. वि. वि.

मी मालवणात पर्यटकांना हात धरून समुद्राखाली नेते. सात हंगाम झाले. माणूस बोटीत चढला की मी आधी त्याचं तोंड बघते. तोंड चकाकत असेल तर आज आपले हाल आहेत, हे समजायचं.

मास्क म्हणजे काच आणि तिच्याभोवतीची सिलिकॉनची मऊ कड. ही कड कोरड्या कातडीला घट्ट बसते. क्रीम किंवा फाउंडेशन असलं की ती सरकते आणि पाणी आत येतं. काचेला तेलकटपणा लागला की वाफ धरते. मग आम्ही काचेवर थुंकी चोळली काय नि बेबी शॅम्पू लावला काय, फरक पडत नाही. सनस्क्रीन विरघळून डोळ्यांत गेलं तर पाण्याखाली डोळे चोळता येत नाहीत. पोहायला न येणाऱ्या माणसाला एवढं घाबरायला पुरतं. मागच्या हंगामात लग्नाआधीचं शूटिंग करायला आलेली एक मुलगी पाच मीटरवर मास्क ओढून काढायला लागली. मी तिला धरून हळूहळू वर आणलं. वर आल्यावर काजळ गालांवर ओघळलेलं, आणि पहिला प्रश्न: "व्हिडिओ आला का?"

तिला हसू नका. पॅकेजमध्ये फोटो-व्हिडिओ आम्हीच विकतो, मग ती नटून येणारच. आणि पुरुष काही कमी नाहीत. जेल, दाढीचं तेल, वर मिशीतून पाणी येतं म्हणून कुणाच्या तरी सल्ल्यानं फासलेलं व्हॅसलीन. केसांचा उपाय तर आपल्या आज्यांकडेच होता. घट्ट वेणी घाला. फक्त तेलाऐवजी उतरण्याआधी केस गोड्या पाण्यानं भिजवा, भिजलेला केस खारं पाणी कमी पितो. मास्कच्या कडेखाली एक बट राहिली तरी पाणी आत झिरपतं.

हे झालं माणसांचं. आम्ही उतरतो त्या पाण्यात प्रवाळ, म्हणजे जिवंत पोवळी आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतकं संरक्षण. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळांना घातक ठरतात म्हणून हवाईनं 2021 पासून त्यांची विक्री थांबवली. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटदेशानं एक वर्ष आधीच बंदी घातली. थायलंडनं 2021 मध्ये सागरी उद्यानांत अशी सनस्क्रीन वापरणाऱ्याला एक लाख बाथपर्यंत दंड ठेवला.

तरी मी तुमच्याकडे बंदी मागत नाही. प्रवाळांचा मोठा शत्रू तापलेलं पाणी आहे, सनस्क्रीनचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. 'रीफ सेफ', म्हणजे प्रवाळांना सुरक्षित, असं छापलेली सनस्क्रीनची बाटलीही निर्धास्त घ्यावी अशी नाही. त्या शब्दाला कायद्यानं ठरवलेला अर्थ नाही, आणि अशा सनस्क्रीनमध्ये वापरतात त्या झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कणही प्रवाळांना बाधतात असं काही प्रयोगांत दिसलंय. शिवाय मे महिन्यात कोल्हापूर-बेळगावहून आलेल्या माणसाला, बाबा रे उघडा बस, असं कुठल्या तोंडानं सांगू? (माशांना पाव-बिस्किटं चारणं हा आमच्याच लोकांचा उद्योग. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.)

तेव्हा माझं मागणं छोटं आहे. आम्ही जिथून बोटी सोडतो तिथं गोड्या पाण्याचा नळ नाही. बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. मी रोज मालवणीत ओरडते, "आधी तोंड धुवन येवा!" आणि लोक विचारतात, कुठे? मग काही जण किनाऱ्यावरच समुद्राच्या पाण्यानं तोंड धुतात, म्हणजे सनस्क्रीन शेवटी समुद्रातच.

चार नळ, दोन खोल्या आणि ते पाणी समुद्रात न जाता जिरेल असा शोषखड्डा. याबरोबर तिकिटातच लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट द्यायला लावा. पाठ, खांदे आणि हात झाकले की क्रीम उरतं ते फक्त तोंडाला आणि पायांना. शर्टाचे पन्नास-शंभर रुपये जास्त पडले तर पर्यटक देतो, तो व्हिडिओचेही देतोच की. आणि बुकिंग करतानाच मराठी, हिंदी, कन्नडमध्ये दोन ओळींचा निरोप जाऊ दे: मेकअप न करता या, केस बांधून या. बोटीत चढल्यावर हे सांगून उपयोग नसतो. तोवर तासभर आरशासमोर गेलेला असतो, आणि माणूस चिडतो.

अभयारण्य वन विभागाचं, जेट्टी मेरीटाइम बोर्डाची, हे मला माहीत आहे. पण तारकर्लीची स्कुबा प्रशिक्षण संस्था एमटीडीसीची, राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची, म्हणजे तुमच्या खात्याची. तिथं शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला मास्क, तेल आणि प्रवाळ यांचा धडा सक्तीचा करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

पावसाळ्यात आमच्या बोटी वर ओढलेल्या असतात. खणायला, नळ बसवायला तेवढे महिने पुरतील.

आपली नम्र,
मालवणची एक डायव्ह मास्टर